क्रूझ पेनांगला थांबतेय ९ तास, जहाजाची टूर न घेता बसने फिरता येईल का? (आईबाबा सोबत)

ठाण्याची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि माझे आईबाबा, सिंगापूरहून सुटणाऱ्या ४ रात्रींच्या क्रूझवर जातोय, सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर अशी. पेनांगला जहाज बुधवारी दुपारी १२ ला लागणार आणि रात्री ९ ला सुटणार, ८ पर्यंत सगळ्यांनी आत हजर पाहिजे असं कागदावर लिहिलंय. जहाजाच्या टूरचे भाव बघितले तर माणशी एवढे पैसे आहेत की चौघांच्या पैशात मुंबई-गोवा विमानाने जाऊन येता येईल, आणि त्या टूरमध्ये दोन तास कुठल्यातरी दुकानांत घालवतात असं आमच्या ओळखीतले जाऊन आलेले सांगत होते.

मी वाचलं की पेनांगला बस चांगल्या आहेत. मनात असलेल्या जागा: पेनांग हिल (ती दोरखंडावर चालणारी ट्रेन बाबांना बघायचीच आहे, ते रेल्वेतून रिटायर झालेत), केक लोक सी देऊळ, भिंतीवरची चित्रं, तो पाण्यावरच्या घरांचा धक्का, लिटल इंडिया, आणि जमलंच तर बीच. बाबा ७१, गुडघे दुखतात पण सपाटीवर चालतात. आई ठणठणीत. दोघंही शाकाहारी, कांदालसूण चालतं.

प्रश्न साधा आहे, हे सगळं बसने होईल का? आणि मला खरी धाकधूक जहाज चुकण्याची आहे, रात्री झोपताना तेच डोक्यात येतं. कुणी स्वतः केलं असेल तर नीट सांगा प्लीज.

सुपारीबाग

ताई, मी दोनदा गेलोय, एकदा क्रूझने आणि एकदा राहायला, त्यामुळे थोडं मोठं लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचं जहाज जिथे लागतं तो स्वेटनहॅम पिअर गावाच्या अगदी कुशीत आहे. पोर्ट क्लांगसारखं नाही, तिथे उतरलात तर क्वालालंपूर तासभर लांब राहतं. इथे गेटमधून बाहेर पडलात की समोर व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा, ६० फूट उंच, राणीच्या राज्याच्या दर वर्षाला एक फूट असा हिशोब करून बांधलेला. त्याच्या शेजारी कॉर्नवॉलिसचा किल्ला, १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट जिथे उतरला ती जागा. म्हणजे पाहण्यासारखं अर्धं गाव तुम्हाला पायीच होतं, आणि याचाच फायदा घ्यायचा.

दुसरं, तुमच्या यादीतलं बीच आत्ताच खोडा. बातू फेरिंगीला १०१ नंबरची बस जाते, रस्ता वळणावळणाचा समुद्राच्या कडेने, सुंदर आहे, पण जायला तास आणि यायला तास, शिवाय तुम्ही ठाण्याहून येताय, हर्णै-गुहागर बघितलेल्या माणसाला तिथल्या वाळूचं काही वाटणार नाही, आणि पुढे फुकेत आहेच.

आता उरलं हिल आणि देऊळ. दोन्हीला एकच बस, २०४ नंबर. समोर बुकित बेंडेरा असं लिहिलेलं असतं, ते पेनांग हिलचंच मलय नाव, नाहीतर माणूस हिल शोधत बसतो आणि बस समोरून निघून जाते. ही बस जेटीच्या बस स्टँडवरून सुटते, तो स्टँड फेरीच्या धक्क्याला लागून आहे, तुमच्या पिअरपासून समुद्राच्या कडेकडेने दहा-पंधरा मिनिटं चालायचं. तिथेच बसा, कोमतारला नको. कोमतार म्हणजे गावाच्या मधोमध तो ६८ मजली टॉवर, तिथे सगळ्या बसेस येतात आणि तिथून गर्दी चढते. जेटीला बस रिकामी मिळते, बाबांना खिडकी मिळेल. येतानाही तसंच, हिलच्या खालच्या स्टेशनला बसचा शेवटचा थांबा आहे, तिथूनही बसायला मिळतं. देवळाजवळ आयर इतामला चढलात तर मात्र उभं राहावं लागण्याची शक्यता जास्त.

भाडं आम्हाला हिलपर्यंत २ रिंगिट पडलं होतं, १ रिंगिट तेव्हा २० रुपयांच्या आसपास होता. सुट्टे अगदी मोजून न्या, ड्रायव्हर उरलेले परत देत नाही, पैसे डब्यात टाकायचे असतात. जहाजावर किंवा सिंगापूरलाच १ रिंगिटच्या नोटा मागून घ्या.

आणि तिसरं, माझं स्पष्ट मत, दोन्ही करू नका. हिल करा, देऊळ सोडा. केक लोक सी फार मोठं आहे, १८९० च्या दशकात बांधायला घेतलं आणि अजूनही वाढतंय, सात मजली पॅगोडा आहे ज्याचा खालचा भाग चिनी, मधला थाई, वरचा कळस बर्मी पद्धतीचा, आणि वर कुआन यिन या करुणेच्या बौद्ध देवीची ३० मीटर उंच ब्राँझची मूर्ती. बघण्यासारखं शंभर टक्के आहे. पण बसच्या थांब्यापासून दुकानांच्या बोळातून, कासवांच्या तळ्यावरून जिनेच जिने आहेत. गुडघ्यांना ते परवडणार नाही. हिलला मात्र ट्रेन तुम्हाला थेट वर नेऊन सोडते.

ठाण्याची_लेक

बापरे किती नीट सांगितलंत, थँक्यू. पण देऊळ सोडायचं म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला, ती तीन महिने त्या मूर्तीचा फोटो दाखवतेय सगळ्यांना.

फिरस्ती_आजी

अगं मग आईला कशाला नाराज करतेस. मी स्वतः ६८ ची आहे, गुडघ्याची ऑपरेशन दोन्ही झालीयेत, आणि मी ते देऊळ पाहिलंय. जिने चढायचेच नाहीत. ग्रॅबची गाडी (आपल्या ओला-उबरसारखं ॲप, फोनमध्ये इथूनच टाकून घे, कार्ड जोडून ठेव) वरच्या पार्किंगपर्यंत जाते, आणि मूर्तीकडे जायला आतमध्ये तिरकी चढणारी छोटी लिफ्ट आहे, थोडे पैसे घेतात. बस खालीच सोडते हा फरक आहे.

बसचा एवढा हट्ट कशाला हे मला कळत नाही. चार माणसं आहात, ग्रॅबचं भाडं चौघांत वाटलं तर फार नाही होत. दुपारी १ चं तिथलं ऊन म्हणजे आपल्या मे महिन्यातलं मुंबईचं ऊन समज, वर अंगाला चिकट घाम. त्या उन्हात वडिलांना पंधरा मिनिटं चालवत स्टँडवर नेणार आणि बसची वाट बघणार? जाताना गाडी करा, ताजेतवाने पोचा, येताना बस घ्या वाटलं तर.

सुपारीबाग

आजी तुमचं उन्हाचं पटतं. वरच्या पार्किंगचं मला माहीत नव्हतं, आम्ही जिनेच चढलो होतो. पण येताना बस, हे मी उलट करेन. येताना घाई असते, आणि संध्याकाळी ५ नंतर आयर इतामचा रस्ता तुंबतो, बाजार तिथेच आहे, रस्ता अरुंद. त्या जॅममध्ये बस थांबे घेत घेत येते. गाडीही अडकते म्हणा, पण निदान थांबे नसतात आणि गल्लीबोळातून काढतो ड्रायव्हर.

आमचंच सांगतो, हिलवरून साडेपाचला खाली आलो, बसमध्ये बसलो, आणि जेटीला यायला सव्वा तास लागणार असं दिसायला लागलं, एरवी पाऊण तासाचा रस्ता. आमचं जहाज साडेसातला सुटणार होतं, साडेसहा ही आत जायची वेळ, आम्ही चालत सातला तिथे पोचलो असतो. बायकोने मध्येच कोमतारला उतरायला लावलं आणि आम्ही सामान छातीशी धरून पळत पळत सहा पस्तीसला गेटवर. आत घेतलं, पण तिथला माणूस यादी हातात घेऊन उभा होता आणि यादीत आमच्याच दोन खोल्या उरल्या होत्या. ते मी विसरत नाही. म्हणून सगळ्यांना सांगतो, वेळ मागून मोजत या. आत जायची वेळ ८ ना, मग गावात परत यायची वेळ ६, आणि मग ६ ते साडेसात जहाजाच्या आसपासचं पायी बघा. लांबचं आधी, जवळचं शेवटी. जवळचं अर्धवट राहिलं तर काही बिघडत नाही.

सिंगापुरी_पोहे

मी इथे सिंगापूरला ११ वर्षं राहतो, आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे हीच क्रूझ करतात, त्यामुळे काही बारीकसारीक गोष्टी ज्या राहून जातात.

व्हिसा. तुम्ही सिंगापूरमधून बाहेर पडून परत सिंगापुरात येताय, म्हणजे सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे छापील कागदावर आजच वाचा. एजंट म्हणतो असतोच मल्टिपल, पण तुम्ही स्वतः वाचा. मलेशिया आणि थायलंडचे नियम क्रूझच्या प्रवाशांना कसे लागू आहेत आणि आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा का, हे क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागून घ्या, तोंडी नको.

घड्याळ. सिंगापूर आणि पेनांग दोन्हीकडे एकच वेळ आहे, भारतापेक्षा अडीच तास पुढे, तिथे गोंधळ नाही. फुकेतला मात्र थायलंडची वेळ एक तास मागे. फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवायला लागतो आणि जहाज बऱ्याचदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. म्हणजे फोनमध्ये ६ आणि जहाजावर ७. घोटाळा होतो तो इथे. साधं हातातलं घड्याळ घाला आणि जहाजावर चढल्यावर जी वेळ जाहीर करतील ती लावून ठेवा, पुन्हा बदलू नका.

रोज खोलीत एक कागद येतो दिवसाच्या कार्यक्रमाचा, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून चौघांच्याही फोनमध्ये ठेवा. पासपोर्ट बरोबर न्यायचा की जहाजाकडे राहतो ते पण त्यांनाच विचारा, निदान फोटोकॉपी पिशवीत पाहिजे.

आणि १२ ला जहाज लागलं म्हणजे १२ ला तुम्ही रस्त्यावर, असं नसतं. टूरवाले आधी सोडतात, मग बाकीचे, इमिग्रेशनची रांग, बाहेर पडायला १ वाजला तर नशीब चांगलं. मोठ्या जहाजातून दीड पण वाजतो. तुमचे ९ तास हे हिशोबात साडेपाच-सहाच धरा.

फिरस्ती_आजी

हे घड्याळाचं अगदी बरोबर. आमच्या ग्रुपमध्ये फुकेतला हाच घोळ झाला होता, दोन बायका तासभर उशिरा निघणार होत्या, गाइडने ओरडून परत आणलं.

ठाण्याची_लेक

ओके मग आता मी असं ठरवलंय, चूक असेल तर सांगा. १ वाजता बाहेर, गाडी करून थेट देवळाच्या वरच्या पार्किंगला, पाऊणएक तास फक्त मूर्ती आणि पॅगोडा. तिथून परत गाडी करून हिलच्या खालच्या स्टेशनला. वर जाऊन साडेचारपर्यंत. मग २०४ बसने खाली, कारण बाबांना बसने जायचंच आहे, ते म्हणतात गाव बसमधूनच कळतं. हिलच्या ट्रेनला रांग किती असते?

सुपारीबाग

हे चालेल. देऊळ आधी हे बरोबरच आहे कारण ते संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतं, हिल रात्रीपर्यंत चालू असते. देऊळ ते हिलचं स्टेशन दोनेक किलोमीटर, पाच-सात मिनिटं.

बुधवारी रांग कमी असावी. शनिवार-रविवारी आणि तिथल्या शाळांच्या सुट्टीत दीड-दोन तास उभं राहावं लागतं असं तिथलेच लोक सांगतात. परदेशी माणसाला साधं तिकीट ३० रिंगिट होतं आम्ही गेलो तेव्हा, रांग टाळायची असेल तर महागाचं वेगळं तिकीट पण आहे. आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघा, कधीकधी दुरुस्तीसाठी ट्रेन बंद ठेवतात, तसं असलं तर तिथे जाऊन उपयोग नाही.

बाबांना सांगा, रेल्वे १९२३ ची आहे, म्हणजे माथेरानच्या गाडीहून सोळाएक वर्षांनी लहान. डबे आता नवे आहेत, २०११ मध्ये बदलले, आधी मध्ये उतरून दुसरा डबा पकडावा लागायचा, आता एका दमात वर जातो. वणीला सप्तशृंगीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे ना, तेच तत्त्व, दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, फक्त इथे लांबी जवळजवळ २ किलोमीटर. मध्यावर दोन्ही डबे एकमेकांना ओलांडतात ती जागा बघायला त्यांना सगळ्यात पुढे किंवा सगळ्यात मागे उभं करा, बाकी काही चुकलं तरी चालेल. डोंगराची उंची ८३३ मीटर, म्हणजे साधारण माथेरानएवढीच, हवा खालच्यापेक्षा चांगली चार-पाच अंशांनी गार. वरून पेनांगचा पूल दिसतो, १९८५ चा, साडेतेरा किलोमीटर, आणि वर मुरुगनचं देऊळ आणि मशीद शेजारी शेजारी आहेत.

ढग आले तर मात्र काहीच दिसत नाही. दुपारनंतर तिथे ढग येतातच, ते मनात धरून जा.

जेवणाचं_बोला

शाकाहारी मंडळी आहात म्हणून. लिटल इंडिया पिअरपासून दहा मिनिटांवर, लेबुह म्हणजे रस्ता, लेबुह पसार आणि लेबुह पेनांग या दोन गल्ल्या लक्षात ठेवा. तमिळ शाकाहारी हॉटेलं आहेत, केळीच्या पानावर भात, डोसा, इडली, आईबाबांना काही त्रास नाही. दिवाळीनंतर जाताय तर दिव्यांच्या माळा अजून लटकत असतील कदाचित, तिथे दिवाळीची सरकारी सुट्टी असते.

बाहेरच्या टपऱ्यांवर मात्र जपून. भाजीचं म्हणून दिलेल्या नूडल्सच्या रश्शात सुक्या कोळंबीची पेस्ट असते, वासावरून कळतं पण तोवर घास घेतलेला असतो. चेंडोल बिनधास्त खा, हिरव्या शेवया, नारळाचं दूध, ताडगुळासारखा काळा गूळ आणि वर किसलेला बर्फ, त्यात राजम्यासारखे लाल दाणे पण घालतात.

आणि जायफळाचं सरबत प्या. बी नाही, जायफळाच्या फळाचा जो गर असतो त्याचं. बालिक पुलाउ भागात जायफळाच्या बागा आहेत. कोकणातल्या माणसाने तर प्यायलाच पाहिजे.

सुपारीबाग

पिनांग म्हणजेच सुपारी बरं का. पुलाउ पिनांग, सुपारीचं बेट. माझं इथलं नाव त्यावरून नाही, आमची बाग आहे श्रीवर्धनला, पण तिथे गेल्यावर फार बरं वाटलं.

सिंगापुरी_पोहे

एक राहिलं. गावात कॅट नावाची फुकट बस फिरते, जेटी-कोमतार आणि मधल्या जुन्या गल्ल्या. बाबा दमले तर दोन थांबे का होईना तिच्यात बसवा. आणि सिंगापूरचं सिम मलेशियात चालेल असं गृहीत धरू नका, पॅकमध्ये मलेशिया आहे का बघा, नाहीतर ग्रॅबच उघडणार नाही. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

ठाण्याची_लेक

आम्ही आलो परत!! ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून सविस्तर लिहितेय.

बाहेर पडायला एक चाळीस झाले, पोहेदादा म्हणाले तसंच. तिथेच वीसेक मिनिटं हिशोब बदलत बसलो आणि शेवटी आईच म्हणाली की पॅगोडा नको, नुसती मूर्ती बघू आणि निघू. गाडी वरच्या पार्किंगला गेली (आजी, तुम्हाला नमस्कार), आई त्या मूर्तीसमोर हात जोडून उभी राहिली ती बराच वेळ, आम्ही कुणी तिला हाक मारली नाही. सव्वातीनला हिलच्या स्टेशनला. रांग वीस मिनिटं. बाबा सगळ्यात पुढे उभे होते, काचेला नाक लावून, आणि मध्यावर दुसरा डबा शेजारून गेला तेव्हा त्यांनी त्याला हात केला, समोरच्या डब्यातल्या एका छोट्या मुलीने परत हात केला. वर गेलो तर अर्धा वेळ ढग, पूल एकदाच दिसला, दोन-तीन मिनिटं, मग गेला.

पावणेपाचला खाली आलो आणि २०४ मध्ये बसलो, रिकामी होती, चौघांना खिडक्या. आयर इतामला अडकलो, सुपारीबाग दादा तुम्ही लिहिलेलं वाचलं होतं म्हणून घाबरले नाही, हातात वेळ होता. बाबा शाळेची मुलं चढताना-उतरताना, बाजारातल्या भाज्या, दुकानांच्या पाट्या सगळं बघत होते आणि मला सांगत होते की इथला कंडक्टर कुठाय, एकट्या ड्रायव्हरवर एवढी गर्दी कशी चालवतात. सहाला जेटीला उतरलो. पाण्यावरच्या घरांचा तो च्यू जेटी तिथून पाच मिनिटांवरच निघाला, लाकडी फळ्यांवरून आत गेलो, लोक घरात जेवत होते, टीव्ही चालू होते, आम्ही फोटो न काढता आवाज न करता टोकापर्यंत जाऊन आलो. उजेड भरपूर होता, सातच्या सुमारापर्यंत उजेड असतो तिथे.

भिंतीवरचं सायकलचं चित्र राहिलं, तिथे फोटोसाठी रांग होती म्हणून लांबूनच बघितलं. लिटल इंडियात डोसा खाल्ला. सात पंचवीसला जहाजाच्या गेटवर.

आणि जायफळाचं सरबत हिलच्या खालीच एका टपरीवर मिळालं. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले हे तर आपल्या आजीच्या लोणच्याचं आहे. पणजीआजी गुहागरला जायफळाच्या सालीचं लोणचं घालायची म्हणे, ती गेल्यावर कुणी घातलंच नाही, मला तर आजवर हे माहीतही नव्हतं. त्यांनी अजून एक ग्लास मागितला. कुणाकडे त्या लोणच्याची कृती असेल तर इथेच लिहा ना, आमच्या शेजारच्यांच्या दापोलीच्या बागेत झाड आहे, फळं मागून आणते.

जेवणाचं_बोला

आमच्याकडे करतात. साल नाही, सालीच्या आतला तो पांढरट जाड गर घ्यायचा, तुरट असतो म्हणून फोडी करून आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या. बाकीचं आईला विचारून उद्या लिहिते, मोहरी किती ते मला अंदाजाने सांगायचं नाहीये.